हस्नाचं खातं बंद आहे

घड्याळ तासभर मागे करायचं म्हणजे काय, धरला काटा आणि फिरवला, असं ज्याला वाटतं त्याने भिंतीवरचं घड्याळ फिरवावं, मनगटावरचं फिरवावं, हवं तर मशिदीतलंही फिरवावं. मी सांभाळतो त्या कॉम्प्युटरांना हात लावू नये. झागोराच्या आमच्या कार्यालयात हे मी इतक्या वेळा बोंबलून सांगितलंय की घसा बसला. ऐकतो कोण?

आमच्याकडे वर्षभर घड्याळ एक तास पुढे असतं. त्या जादा तासाला अख्खा देश शिव्या घालतो. रमजान तोंडावर आला की सरकार तो तास काढून घेतं आणि ईद झाली की पुन्हा आणून आमच्या डोक्यावर बसवतं. मोबाइलला हे आपसूक कळतं. आमचे कॉम्प्युटर मात्र इतके जुने की त्यांना कोणी काही कळवतच नाही. त्यांना नीट समजावून सांगावं लागतं. वेळेला हात लावायचा नाही, फक्त 'आता तू अमुक देशाच्या वेळेने चाल' असा पर्याय निवडायचा. मग पडद्यावरचा आकडा बदलतो, पण मशीनच्या पोटातली वेळ होती तशीच राहते. ही पोटातली वेळ सर्व्हरच्या वेळेशी जुळली नाही, तर लॉगिनच्या पडद्यावर तुम्ही कोणीही असा, मशीन तुम्हाला आत घेत नाही. त्याला वाटतं, हा कोणीतरी चोर आहे.

त्या सोमवारी मी अग्दझच्या शाखेत हेच करत बसलो होतो. सकाळी अग्दझ, दुपारी झागोरा, असं ठरलं होतं. आमचे संचालक सी अल्लाल ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव', बायकांना 'लल्ला') यांना मी शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं, की सोमवारी पडद्यावर तास जादा दिसेल, दिसू द्या, मी आलो की बघतो. त्यांनी मान डोलावली होती. त्यांची मान काय, कशालाही डोलते.

रोजा होता, सिगारेट नाही, कॉफी नाही. माझं डोकं आधीच ठणकत होतं. त्यात तुरियाचा फोन आला. तुरिया टपाल विभागात बसते आणि माझी खोडी काढल्याशिवाय तिचा दिवस सरत नाही.

"बूशाइब, तुझी मशीनं संपावर गेलीयत."

"कोणाचं मशीन?"

"सगळ्यांची. नाव घातलं, पासवर्ड घातला, की म्हणतंय चुकीचा आहे."

"उपाशीपोटी बोटं घसरत असतील तुझी."

"माझी घसरतील रे. सगळ्या मजल्याची कशी घसरतील? आणि थट्टा पुरे. हस्नाचं आज काय होईल, सांग ना!"

हस्नाचं नाव निघालं आणि मी होतं ते काम तसंच टाकून उठलो.

हस्ना आमच्याकडे अर्ज तपासायला असते. पोरगी कामाला वाघ. नवरा नजीब तिकडे बर्कानला, पाणी खात्यात. बर्कान म्हणजे देशाचं दुसरं टोक. बसमध्ये बसलं की अंग आंबून जातं तरी गाव येत नाही. हस्ना इथे एका खोलीत एकटी राहते. लेक हिबा दोन महिन्यांची होती तेव्हा हिची रजा संपली. पोरीला सांभाळायला इथे कोणी नाही, म्हणून तिला सासूकडे बर्कानला ठेवली. दोन-चार महिन्यांची गोष्ट आहे, बदली होईलच, असं तेव्हा सगळेच म्हणाले. मीही म्हणालो. यंदा सप्टेंबरात ती पोर शाळेत जाणार.

नवऱ्याच्या गावी बदली मागायचा अर्ज आमच्या खात्यात वर्षातून एकदाच करता येतो. तोही कार्यालयातल्याच मशीनवरून, आपल्याच नावाने आत जाऊन. गेली सगळी वर्षं बर्कानला जागाच नव्हती. तिकडे संत्र्यांच्या बागा, समुद्र जवळ, तिथून कोण हलतंय? यंदा एक माणूस निवृत्त झाला आणि एक जागा निघाली. एकच. हस्नाने अर्ज भरून ठेवला होता. अडलं होतं ते नजीबच्या नोकरीच्या दाखल्यावर. तिथला सही करणारा साहेब रजेवर. शेवटी शनिवारी सही झाली आणि नजीबने दाखला बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवला. सोमवारी तो अर्जाला जोडायचा आणि एक बटण दाबायचं, एवढंच राहिलं होतं. मुदत सोमवारी दुपारी तीनपर्यंत. रमजानात आमचं कार्यालयही तीनलाच सुटतं.

डोंगर उतरून झागोराला पोचलो तेव्हा दुपारची अजान होत होती. वर गेलो तर सगळा मजला हस्नाच्या टेबलाभोवती गोळा झालेला. ती मधे ताठ बसली होती. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरलेला. मला बघून ती उठली नाही. तिने विचारलं,

"सी बूशाइब, मी माझा पासवर्ड विसरले का हो?"

"का? काय झालं?"

"मागच्या महिन्यात बदलला होता. मला लख्ख आठवत होता. पण हे चुकीचा म्हणतंय. मग वाटलं, बदललाच नसेल. म्हणून जुना घातला. मग त्याच्या आधीचा. मग हिबाची जन्मतारीख घालून बघितली. आता मला काहीच आठवत नाही."

"आम्ही पण म्हटलं, हिचं काम आधी होऊ दे," तुरिया म्हणाली. "माझ्या मशीनवर तिचं नाव घालून बघितलं. मग शेजारच्या इद्दरच्या मशीनवर. मग पलीकडच्या खोलीत. स्वतःचं नाव कोणी एकापेक्षा जास्त वेळा घातलंच नाही. सगळे हिच्याच मागे लागले."

चांगली माणसं आहेत आमची. खोटं कशाला बोलू? त्या वेळी मला ते ऐकून बरंच वाटलं.

मी कामाला लागलो. केबल बघितली. सर्व्हर बघितला, तो मजेत चालला होता. माझं स्वतःचं नाव घालून सर्व्हरवर आत गेलो, पटकन गेलो. तेच नाव हस्नाच्या मशीनवर घातलं, तर चुकीचं. म्हणजे पासवर्डचा प्रश्नच नव्हता. मशीन धडधडीत खोटं बोलत होतं, आणि ही बिचारी सकाळपासून स्वतःलाच खोटं पाडत बसली होती.

"सकाळपासून कोणी कशाला हात लावलाय का?" मी विचारलं.

एकजण खिडकीकडे बघायला लागला, एकीने बांगडी फिरवायला सुरुवात केली. सी अल्लाल त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते.

"कोण कशाला हात लावेल?" ते म्हणाले. "तुम्ही तुमचं काम करा, सी बूशाइब. वेळ जातोय."

मी पुन्हा सगळं सुरुवातीपासून तपासलं. मशीन बंद केलं, चालू केलं. नेटवर्कमधून काढलं, परत जोडायला गेलो, तर तेही होईना. डोक्यात कोणी हातोडा मारतंय असं वाटत होतं. हस्ना माझ्या हातांकडे बघत होती. बोलली असती तर निदान मला खेकसता आलं असतं.

मी तोंडावर पाणी मारायला बाहेर आलो. तुरिया मागोमाग आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली,

"पडद्यावरची वेळ बघितलीस?"

"बघितली. बरोबर आहे."

"हो ना. सकाळी बरोबर नव्हती."

एक क्षण मला समजलंच नाही. मग डोक्यात जी तिडीक गेली, ती आजतागायत उतरलेली नाही. वेळ बरोबर कशी? मी तर अजून हात लावला नव्हता! माझा हात लागेपर्यंत त्या पडद्यावर तास जादाच दिसायला हवा होता.

"कोणी फिरवली?"

"ओरडू नकोस. साहेबांनी. आमची हजेरी लॉगिनच्या वेळेवर लागते ना? सकाळी सगळे नऊच्या आत आले, आणि पडद्यावर बघतात तर दहा वाजायला आलेले. झाली की बोंबाबोंब! सगळ्यांना उशिराचा शेरा बसणार म्हणून. साहेब बाहेर आले, म्हणाले, माझ्या कार्यालयात रमजानात मशीन खोटी वेळ दाखवणार नाही. अडीअडचणीसाठी तुझा तो मोठा पासवर्ड त्यांच्याकडे असतो, तो घातला आणि एकेका मशीनवर बसून स्वतः तास मागे केला. आम्ही टाळ्या वाजवल्या रे. तो मेला तास गेला म्हणून."

"आणि मघाशी मी विचारलं तेव्हा दातखिळी बसली होती का सगळ्यांची?"

"साहेब दारात उभे होते," तुरिया म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

मी धावतच आत गेलो. पहिलं मशीन हस्नाचंच घेतलं. वेळ होती तशी केली, देशाचा पर्याय बदलला, सर्व्हरशी जुळवून घेतलं. दोन मिनिटांचं काम. अख्खी सकाळ जे अडून बसलं होतं ते दोन मिनिटांत सरळ झालं. माझं नाव घालून बघितलं. मशीनने मुकाट्याने आत घेतलं.

"चल, लल्ला हस्ना," मी म्हटलं. "तुझा नवा पासवर्ड. मागच्या महिन्यातला. तोच बरोबर होता."

"खात्री आहे तुमची?"

"माझ्या डोळ्यांची शपथ."

तिने एकेक अक्षर दाबून घातलं. पडद्यावर ओळ आली: हे खातं बंद करण्यात आलं आहे. व्यवस्थापकाशी संपर्क साधा.

मी ती ओळ दोनदा वाचली. पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकला की खातं बंद होतं. चोराला अडवायला केलेली ती सोय. सकाळपासून हिने घातलेले जुने पासवर्ड, प्रत्येक मशीनवर तिच्यासाठी केलेली खटपट, सगळं तिच्याच नावावर जमा झालं होतं. ज्यांनी स्वतःसाठी धडपड केली नाही त्यांना काहीही झालं नव्हतं. मी एकेक मशीन दुरुस्त करत गेलो आणि एकेकजण आत जात गेला. टपालातल्या एकाने "उघडलं!" म्हणून आरोळी ठोकली आणि हस्नाकडे लक्ष जाताच तोंडावर हात ठेवला.

व्यवस्थापक म्हणजे खरं तर मी. पण बंद खातं उघडायचा अधिकार गेल्या वर्षी आमच्याकडून काढून राजधानीतल्या मुख्य कार्यालयाला दिला गेला. सुरक्षेसाठी, म्हणे. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. एका पोरसवद्या आवाजाने उचलला.

"सी अनवार नमाजला गेलेत."

"दुसरं कोणी उघडू शकतं का?"

"नाही, तो अधिकार त्यांचाच. तुम्ही मेल टाका, रांगेत लागेल."

"अहो भाऊ, बाईच्या बदलीचा अर्ज आहे, तीनला मुदत संपतेय!"

"भाऊ, रमजान आहे."

"आमच्याकडे काय वेगळा महिना चाललाय का?" मी ओरडलो. त्याने फोन ठेवला.

मेल टाकला. पुन्हा फोन केला. सी अनवार नमाजहून आले होते, पण थेट बैठकीत गेले होते. अडीच वाजून गेले होते. दुसऱ्याच्या नावाने अर्ज जातो का, म्हणून तुरियाने तिच्या मशीनवर बघितलं. तिथे तिला फक्त तिचाच अर्ज करता येत होता, आणि तिला कुठे जायचंच नव्हतं. "माझी बदली कर पाहिजे तर, बर्कानला, आणि हिला माझ्या जागी दे," असं काहीतरी ती पडद्याशीच बडबडायला लागली.

मग मी सी अल्लालच्या खोलीत गेलो. हस्ना माझ्या मागे. दार उघडंच राहिलं, सगळे बाहेर उभे.

"साहेब, तुम्ही फोन करा. संचालक बोलला तर बैठकीतून बाहेर काढतील. सांगा की घड्याळ इथून फिरवलं गेलं, कर्मचाऱ्याचा दोष नाही. अर्धा तास मुदत तरी वाढवून देतील."

"घड्याळाचं कशाला काढायचं?" ते म्हणाले. "तांत्रिक अडचण म्हणू."

"म्हणा काय म्हणायचं ते, पण फोन लावा!"

त्यांनी लावला. संचालकाला खरंच लगेच जोडून दिलं. सलाम झाले, रमजानच्या शुभेच्छा झाल्या, पलीकडच्याच्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी झाली. मी उभ्या जागी जळत होतो. मग मुद्दा निघाला, आणि आम्हाला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती.

"हो, तांत्रिक... नाही नाही, सर्व्हर ठीक आहे... नाही, इथून कोणी काही बदललेलं नाही." त्यांनी हस्नाकडे बघितलं नाही. "हो. तुमच्याकडे दिसतंय तसंच. कर्मचाऱ्याने पासवर्ड वारंवार चुकीचा टाकला."

"खरं सांगा की, अल्लाहला घाबरा!" मी ओरडलो. "रोजा आहे ना तुमचा?"

त्यांनी फोनवर हात दाबला आणि डोळे मोठे केले. मग परत कानाला लावला. "हो... हो, समजलं. नियम तो नियम. बरोबर आहे तुमचं." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "कर्मचाऱ्याची चूक असेल तर मुदत वाढत नाही. खातं उघडतील, आज ना उद्या."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी काय काय बोललो ते तुरियाने मला नंतर सांगितलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. रोजा असताना तसं बोलू नये. पण माझं तोंड बंद केलं ते हस्नाने. तिने माझ्या बाहीला धरलं.

"राहू द्या, सी बूशाइब. टाकले होतेच ना मी चुकीचे."

"तू टाकलेला पहिला बरोबर होता गं, बाई! पहिलाच बरोबर होता!"

"हो," ती म्हणाली. "पण मी त्याच्यावर थांबले नाही."

ती परत टेबलाशी जाऊन बसली. प्रत्येक दोन मिनिटांनी पासवर्ड घालत राहिली. मी म्हटलं, त्याने काही होणार नाही. तिने घालणं सोडलं नाही. तीन वाजले तसे बाकीचे उठले, पण घरी कोणी गेलं नाही. इफ्तारीचं सामान आणायचं होतं, स्वयंपाक व्हायचे होते, तरी सगळे पिशव्या हातात घेऊन दारापाशी उभे राहिले.

तीन वाजून गेल्यावर फोन आला. सी अनवार स्वतः होते. आवाज अगदी गोड. "उघडलं बरं का खातं. बैठकीत होतो, माफ करा. रमजान मुबारक."

हस्नाने पासवर्ड घातला आणि मशीनने तिला आत घेतलं. अर्ज सगळा भरलेला होता, जसाच्या तसा. तिने पिशवीतून दाखला काढला, स्कॅन केला, अर्जाला जोडला. दाखला जोडला गेला. खाली बटण होतं, पण दाबलं जात नव्हतं. त्याच्या वर लिहून आलं होतं, की अर्ज करण्याची मुदत संपली आहे. तिने ते दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, मग हात काढून घेतला.

सी अल्लाल बाहेर आले. "पुढच्या वर्षी मी स्वतः शिफारस करीन, लल्ला हस्ना. माझा शब्द आहे."

"जागा एकच होती, साहेब," ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्या अर्जदाराला समजावते तशी. ते किल्ल्या घेऊन निघून गेले.

तुरिया रडायला लागली होती. हस्ना रडली नाही. तिने फोन काढला. मला वाटलं नजीबला लावेल, पण तिने सासूला लावला, हज्जा यामनाला. मागे पोरीचा आवाज येत होता, कशावरून तरी हट्ट चालला होता. हस्नाने पोरीला फोनवर बोलावलं नाही.

"हज्जा, नाही झालं," ती म्हणाली. "नाही, कोणाची चूक नाही. मशीनचं झालं काहीतरी. ऐका, तुम्ही तिचं नाव तिथल्याच शाळेत घाला. हो, तुमच्या गल्लीतल्याच. आणि तिथे आईचा फोन नंबर विचारतील. पोरीला ताप आला, पडली, तर बोलवायला लागतो ना, त्यासाठी. तिथे माझा देऊ नका, मी पोचणार कशी? तुमचा द्या."

पलीकडून सासू काहीतरी बोलत राहिली, बराच वेळ.

"नाही, हज्जा, आजीच्या रकान्यात नाही," ती म्हणाली. "आईच्या."